सेनगावचा तीन फुटी समुद्र

हिंगोली जिल्ह्यातल्या तमाम बंधू-भगिनींना, लेकराबाळांना आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या पाहुण्यारावळ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, सेनगाव हे समुद्रकाठचं गाव आहे. कृपया हसू नये. नकाशा उघडू नये. ज्यांना शंका असेल त्यांनी बसस्टँडवर उतरावं, आडत दुकानांच्या मागच्या गल्लीत शिरावं आणि निळ्या दाराचं घर विचारावं. बैठकीच्या खोलीत, दिवाणाच्या डाव्या अंगाला समुद्र आहे. लांबी तीन फूट. त्याला भरती-ओहोटी नाही, पण लोडशेडिंग आहे. पाणी मात्र अस्सल खारं. ज्याला पटत नसेल त्यानं बोट बुडवून चाखावं असं मी म्हणालो असतो, पण तिथं बोट बुडवायची कुणाची हिंमत नव्हती. का नव्हती, ते पुढं येईलच.

ही घोषणा मी आजवर किती कार्यक्रमांत माईकवरून केली असेल देव जाणे. हिंगोलीत माझं माईक-भोंग्याचं दुकान आहे. भोंग्यासोबत मीही भाड्यानं मिळतो. लग्न असो, सत्कार असो, गणपती असो, मंडळींचं जेवण लांबलं की मी सेनगावचा समुद्र काढायचो. आणि पाहुण्यांत दाजी असले की ते मान खाली घालून, उपरण्याचं टोक तोंडाशी धरून हसत राहायचे. आज घोषणा कागदावर करावी लागतेय, कारण माईकवरून आता ती जमत नाही. मधेच आवाज बसतो... दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान भास्करराव, जाऊन आता दीड महिना होत आला.

त्या दुपारी मी दुकानात एका जुन्या ॲम्प्लिफायरच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. फोन वाजला. अक्काचा आवाज अगदी रोजचा होता. म्हणाली, "मुकुंदा, माशाचं घर बदलायचं राहिलं रे आज... अन् हे उठून नाही राहिले." याच क्रमानं म्हणाली. आधी मासा, मग दाजी. मी जीपमध्ये बसून सेनगावला पोचेपर्यंत त्याच क्रमाचा विचार करत होतो. पुढं कळलं की तिनं बरोबर तेच सांगितलं होतं जे तिला दिसलं. परसातल्या खोलीत एक टाकी ताजं पाणी भरून तयार होती, दुसऱ्या टाकीत मासा तसाच होता, आणि मधल्या स्टुलावर दाजी भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर लाल पंचा. हात पुसून झाले होते. पुढचं काम तेवढं व्हायचं राहिलं होतं.

आता हा माणूस कोण आणि सेनगावात समुद्र कुठून आला, हे सांगायला पाहिजे. दाजी तहसील कचेरीत कारकून होते. फेरफार, सातबारा, जातीचे दाखले यांत सगळी हयात गेली. घराण्यात देवळाच्या पूजेची परंपरा, त्यामुळं घरात सोवळं-ओवळं कडक. ते सगळं अक्का सांभाळायची आणि दाजी मोडायचे. कचेरीतून आले की चपलेसकट थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. न धुतलेल्या हातानं लोणच्याच्या बरणीत बोट. अक्का ओरडायची, "अहो, काय करून राहिलेत, सगळं बाटवलं!" आणि दाजी बोट चाटत म्हणायचे, "लोणचं बाटत नसतं, मुरत असतं." पस्तीसेक वर्षं हा संवाद त्या घरात रोज झाला असेल. मी लहानपणापासून ऐकतोय. पाठ आहे.

निवृत्त झाल्यावर दाजींची दाढ दुखायला लागली. नांदेडला दाताच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी होती आणि तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे एका हलत्या झुडपाभोवती घिरट्या घालत होते. दाजी टाकीसमोर बसले. नंबर आला तर मागच्या माणसाला म्हणाले, "तुमी जा, मला गडबड न्हाई." पुढचा नंबर आला, परत तेच. दुखऱ्या गालावर हात ठेवून तो माणूस अख्खी दुपार माशांकडं पाहत होता. शेवटी दवाखाना बंद व्हायची वेळ झाली आणि आम्ही दाढ तशीच घेऊन परत निघालो. जीपमध्ये दवाखाना दिसेनासा होईपर्यंत मागं वळून पाहत होते. मग म्हणाले, "सालेसाहेब, आपण समुद्र पाह्यला न्हाई कधी. आता तिथवर जायची ताकद न्हाई. त्यालाच इकडं बोलवावं म्हणतो."

आणि बोलावला! पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा श्रीकांत एकेक वस्तू पार्सलनं पाठवायला लागला. काच आली, पंप आला, निळे दिवे आले, शेवटी खास मिठाची गोणी आली. गल्लीत बातमी पसरली की भास्कररावांनी पुण्याहून मीठ मागवलं. किराणा दुकानदार घरी येऊन नाराजीनं म्हणाला, "काका, आमच्या मिठात काय खराबी हाय?" दाजी गाळलेल्या पाण्यात ते मीठ कालवायचे आणि एका नळीसारख्या भिंगात थेंब टाकून, एक डोळा मिटून उजेडाकडं पाहायचे. खारटपणा मोजायचं यंत्र ते. पण परसात उभं राहून असं आभाळाकडं पाहणारा निवृत्त कारकून बघून लोकांना वाटायचं, एखादं ग्रहण लागलंय. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी टाकी चालायची, उरलं तर पंखा. अक्का पदरानं वारा घेत मला ऐकवायची, "ह्या घरात मासे गार अन् माणसं घामाघूम. तुझ्याच दाजींचा कारभार."

पहिले मासे आठवड्यात मेले. आणले आणि थेट टाकीत सोडले, तसं करू नये हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन-चार दिवसांत त्यांच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके उठले, जसा कुणी रवा भुरभुरावा. मासे दगडांवर अंग घासायला लागले, मग खाणं सोडलं, मग एकामागून एक तळाला. शेवटचा गेला त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. त्यांची आई गेली तेव्हा हा माणूस जेवला होता; तिनंच सांगून ठेवलंय म्हणाले होते. माशांनी तसं काही सांगून ठेवलं नव्हतं... मग त्यांनी अभ्यास मांडला. श्रीकांतनं फोनवर दाखवलेले व्हिडिओ पाहिले, दुकानदारांना फोन करून पिडलं, आणि एक दिवस जाहीर केलं की इथून पुढं कुठलाही नवा मासा बैठकीतल्या समुद्रात थेट जाणार नाही. आधी परसातल्या खोलीत वेगळा राहील. आजार निघाला तर तिथंच औषधपाणी. निरोगी ठरला तरच आत प्रवेश.

परसातली ती खोली म्हणजे अक्काच्या बाळंतपणाची खोली. श्रीकांत तिथंच झाला. आता तिथं दोन साध्या काचेच्या टाक्या आल्या. तळाला वाळू नाही, दगड नाही, नुसती नागडी काच, आणि माशाला लपायला प्लंबरकडून आणलेला नळाचा वाकडा तुकडा. नियम असे की तहसीलदारानं ऐकून राजीनामा द्यावा. आजारी खोलीची बादली वेगळी, जाळी वेगळी, मग वेगळा. बैठकीसाठी पांढरा पंचा, परसासाठी लाल. कामाचा क्रम कायम: आधी बैठक, मग परस, उलटं कधीच नाही. कारण रोग थेंबातून जातो. ओल्या हातानं कुठल्याही टाकीजवळ गेलं की दाजी जिथं असतील तिथून ओरडायचे, "आधी हात कोरडे!" घरात कुणी आलं की इतर लोक म्हणतात या, बसा. दाजी म्हणायचे, "आधी हात कोरडे!" श्रीकांतच्या लग्नात व्याही पाय धुऊन, हात झटकत बैठकीत आले तेव्हा त्यांचंही स्वागत याच तीन शब्दांनी झालं. मी माईकवर होतो, म्हणून वेळ निभावली.

अक्कानं हे सगळं एकदा नीट पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, हे तर सोवळं हाय!" दाजी म्हणाले, "सोवळं कशाचं, शास्त्र हाय." "तेच म्हणते मी. माझं मोडलं अन् माशाचं पाळून राहिले." त्या दिवशी ती इतकी हसली की तिला भिंतीला धरून बसावं लागलं. जन्मभर सोवळं बुडवणारा नवरा म्हातारपणी लाल पंचा आणि पांढरा पंचा एकमेकांना लागू नयेत म्हणून दोन खुंट्या ठोकत होता. ती मात्र टाक्यांजवळ फिरकायची नाही. माशांचं खाणं म्हणजे गोठवलेली कोळंबी. त्यासाठी परसात वेगळा छोटा फ्रीज होता आणि तो अक्कानं कधी उघडला नव्हता. त्याच्यासमोरून जाताना नाकाला पदर.

एकदाच तिनं हस्तक्षेप केला. दाजी कामासाठी हिंगोलीला आले होते. परसात एक नवा मासा होता, प्रवासात त्याच्या कुशीला खरचटून लाल झालं होतं. परसातल्या झाडांना पाणी द्यायला गेलेल्या अक्काला तो दारातून दिसला. जखम म्हटल्यावर आपल्याकडं बाई दुसरं काय करणार? कुरुंद्याच्या हळदीचा डबा काढला आणि चांगली मोठी चिमूट पाण्यात सोडली. दाजी परतले तेव्हा टाकी आंब्याच्या रसासारखी झाली होती, वर फेस, आणि मासा त्या पिवळ्या धुक्यात तोंड वासून उभा. मी सोबत होतो. मला वाटलं आता महाभारत होणार. दाजींनी शांतपणे हात पुसले, माशाला मगात घेतलं, ताज्या पाण्याच्या दुसऱ्या टाकीत सोडलं. मासा जगला. जखमही भरली. अक्का म्हणाली, "बघा, हळद लागू पडली." दाजी म्हणाले, "हळदीनं भरली का हळदीतून काढल्यामुळं भरली, ह्याच्यावर आपण उरलेला संसार भांडू. आता तसं पण दुसरं काय काम हाय?" त्या टाकीतला नळाचा तुकडा मात्र कायमचा पिवळा झाला. दाजींनी तो फेकला नाही. प्रत्येक नव्या माशाला तोच द्यायचे. हळद लागलेलं घर म्हणायचे त्याला.

बैठकीतल्या समुद्रात शेवटी शेवटी एकच नारिंगी मासोळी उरली होती. अंगानं मोठी, वयानं जुनी. तिचं नाव बाईसाहेब. तिचा जोडीदार मागच्या उन्हाळ्यात, एका लांबलेल्या लोडशेडिंगमध्ये गेला. या माशांत बाई मोठी आणि नवरा लहानखुरा असतो, हे दाजी मला अक्कासमोर मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगायचे. जोडीदार गेल्यापासून बाईसाहेब कोपऱ्यातल्या एका दगडामागं तोंड करून उभी राहायची. दाजी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. दोघंही बोलायचे नाहीत. मग दिवाळीनंतर त्यांनी नांदेडहून एक छोटासा नर आणला. मी भेटायला गेलो तर दारातच म्हणाले, "आधी हात कोरडे! अन् या, आमचा घरजावई दाखवतो."

ती आमची शेवटची भेट. घरजावई परसात होता, पिवळ्या नळात. अंगावर तोच रवा उठला होता. पण दाजी आता नवशिके नव्हते. मला स्टुलावर बसवून त्यांनी समजावलं, "सालेसाहेब, हे किडं माशाच्या कातडीत हाय तोवर आपल्या हाती लागत न्हाई. त्याचं पोट भरलं की ते आपोआप गळून पडतं. तळाशी जातं, कवच करून गप बसतं, आत पिल्लं वाढवतं. ती पिल्लं बाहेर पडायच्या आत आपण माशाला उचलून दुसऱ्या स्वच्छ घरात न्यायचं. मागचं घर घासायचं, उन्हात वाळवायचं. दर तिसऱ्या दिवशी असं. चार-पाच घरं बदलली की रोग मागं राहतो, मासा पुढं जातो." मी म्हणालो, "एवढं सोपं?" "सोपं हाय. पण चुकवता येत न्हाई. एक दिवस मागं पडला का पहिल्यापासून सुरू. अन् पहिल्यापासून झेपंल एवढं बळ ह्या लेकरात न्हाई." निघताना मी त्यांच्या पाया पडलो. एरवी चेष्टेत पडायचो, त्या दिवशीही चेष्टेतच पडलो...

तर मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं. दाजींना बैठकीत आणून ठेवलं होतं. बाईसाहेब वरून पाहत होती. श्रीकांत पुण्याहून निघाला होता, तो सकाळी पोचणार, तोवर थांबायचं होतं. अक्का बायकांच्या घोळक्यात बसली होती. मला पाहिलं आणि रडली नाही, डोळ्यांनी परसाकडं खूण केली. मी जवळ गेलो तर कानात म्हणाली, "आज बदलायचं होतं. दिवस मावळायच्या आत करून ये." पुसेगावहून आलेल्या आत्याबाईंनी ते ऐकलं. दाजींच्या या थोरल्या बहिणीचा आवाज माझ्या भोंग्यापेक्षा मोठा. "मयत घरात हाय अन् मासे कसले हलवून राहिले?" अक्का फक्त म्हणाली, "वन्सं, त्यांनी पाणी भरून ठेवलंय." मी परसात गेलो.

आयुष्यात हजारो माणसांसमोर उभा राहिलेला मी त्या खोलीत एका बोटभर माशासमोर पुढं सरकायला धजत नव्हतो. लाल पंच्यानं हात पुसले. परत पुसले. हातातला मग पाण्यात बुडवला. घरजावई पिवळ्या नळात शिरला. शेवटी नळासकट उचलला, मगात उलटा केला, आणि अंगावर रव्याचे कण घेऊन तो इवलासा जीव नव्या पाण्यात गेला. बैठकीतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मला मात्र त्या वेळी मनापासून वाटलं, दाजी आता आत येतील आणि म्हणतील, बराबर केलं सालेसाहेब.

श्रीकांत आला, सगळं झालं. राख सावडून परतलो त्या दिवशी पुन्हा घर बदलायचा दिवस होता. या वेळी अक्का स्वतः आली. मी मग धरला, तिनं जुनी टाकी घासली. दुसऱ्या कुणी तिला काम करू दिलं नसतं, पण त्या खोलीत यायची कुणाची छाती नव्हती. ठिपके उतरायला लागले होते. त्याच दुपारी श्रीकांत म्हणाला, "आई, हे आता कोण बघणार? नांदेडच्या दुकानदाराला सगळं देऊन टाकू. तू आमच्यासोबत चल पुण्याला." पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. आईला एकटं ठेवायचा त्याला धीर नव्हता. अक्कानं घासलेली टाकी उन्हात उपडी घातली. मग म्हणाली, "हा मासा जगून बाईसाहेबाजवळ गेला तर मी इथंच राहते, टाकी चालू ठेवते. न्हाई जगला तर बंद कर सगळं. एक शब्द न बोलता गाडीत बसते." श्रीकांतनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

आणि नेमकं तेव्हापासून घरजावयानं खाणं सोडलं. अंगावरचा रवा गेला, कातडी स्वच्छ झाली, कल्ले शांत हलायला लागले, पण तोंडासमोर घास आला की मान फिरवायचा. रोग गेला आणि भूकही घेऊन गेला. दाजींचा एक उपाय अक्काला माहीत होता: मासा रुसला की ते लसूण ठेचून त्याच्या रसात कोळंबी भिजवायचे, वासानं मासा तोंड लावतो. आता विचार करा. सुतकाचं घर. चुलीला फोडणी नाही, शेजारून आलेलं साधं वरण-भात. आणि परसात माझी बहीण, जिनं जन्मात मासळीला बोट लावलं नाही, ती नाकाला पदर बांधून, डोळे अर्धे मिटून कोळंबीचे बारीक तुकडे करतेय, आणि खलबत्त्यात लसूण ठेचतेय! वास काय परसात थांबतो? आत्याबाई बैठकीत नाक वर करून ताठ झाल्या. "कुठनं तरी लसूण येऊन राहिला. सुतकात लसूण कोण खातंय?" मी म्हणालो, "आत्याबाई, जावयाचं पथ्य हाय." "कोणता जावई? ह्यांना पोरगी कुठं हाय?" मी त्यांना हाताला धरून परसात नेलं. त्यांनी अक्काला पाहिलं, पिवळ्या नळातल्या माशाला पाहिलं. पदर सावरून परत बैठकीत गेल्या. पण त्यानंतर दिवसातून कितीदा तरी परसाच्या दाराशी येऊन हळूच विचारायच्या, "जेवला का?" तो जेवत नव्हता.

दहाव्याला आम्ही कयाधूच्या काठी गेलो. विधी झाला, पिंड ठेवला, आणि सगळे मागं सरकून कावळ्याची वाट पाहायला लागलो. कावळा होता. समोरच्या बाभळीवर बसून पंख साफ करत होता, जणू त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. श्रीकांत हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा हलला नाही. "शेत विकणार न्हाई." नाही. भाऊबंद पुढं झाले, एकेकानं वचन दिलं. मी म्हणालो, "दाजी, तुमच्या समुद्रावरून आता चेष्टा करणार न्हाई." कावळ्यानं पाठ फिरवली, त्याला ते खोटं आहे हे कळलं असावं. ऊन चढत होतं. गुरुजी दर्भाचा कावळा करायचा विचार करायला लागले. श्रीकांतचा चेहरा पाहवत नव्हता. आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. अक्का होती. मागं आत्याबाईंचा आरडाओरडा. मग तिनं दोन शब्द सांगितले, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. अख्ख्या कयाधूला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "दाजी, जावई जेवला!"

कावळा बाभळीवरून उतरला आणि पिंडाला शिवला. यावर दोन मतं आहेत. श्रीकांतचं मत त्यानं कुणाला सांगितलं नाही, तो नदीकडं तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते. गुरुजींचं मत असं की माझ्या आवाजानं कावळा दचकून खाली पडला. जाताना मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कोणत्या गावचे जावई?"

गेल्या आठवड्यात सेनगावला जाऊन आलो. घरजावयाची परसातली मुदत संपली होती, अंगावर एक ठिपका नव्हता, आणि अक्कानं त्याला आत सोडायला मला मुद्दाम बोलावलं होतं. श्रीकांत पुण्याला परत गेला आहे, आईला न घेता. रोज फोन करतो आणि आधी माशाचं विचारतो. बाईसाहेबानं नव्या पाहुण्याला पाहिल्याबरोबर असा पाठलाग केला की मला वाटलं संपलं. घरजावई पळून पळून दमला, मग तिच्यासमोर आडवा होऊन सगळं अंग थरथरवायला लागला. मी धरून चाललो, आता हा जातो. अक्का म्हणाली, "भिऊ नको. हे सांगायचे, लहान असल्याचं कबूल करायची ती रीत हाय." ती दाजींच्या खुर्चीत बसली होती, दाजींसारखीच पुढं झुकून. बाईसाहेब थांबली. दगडाकडं गेली. तो तिच्या मागं गेला. आणि दोघं त्या दगडाच्या आडोशाला शेजारी शेजारी उभे राहिले, जसे दवाखान्यातल्या त्या झुडपाजवळचे दोघं.

मी इकडं तिकडं पाहिलं. भिंतीवर दोन खुंट्या. पांढरा पंचा एकीवर, लाल पंचा परसाकडच्या दाराजवळच्या दुसरीवर, दोघांच्या मधे चांगलं हातभर अंतर. दाजींना पंचे टांगताना टोकं दुमडायची सवय होती; दोन्हींची टोकं तशीच दुमडलेली, पण पंचे धुतलेले, म्हणजे ती आता अक्काची सवय झाली होती. मला एकदम काय झालं कळलं नाही. दहा दिवस, तेरा दिवस, सगळं पार पाडलं होतं मी, माईकवाल्यानं पार पाडावं तसं. आणि आता त्या दुमडलेल्या टोकांकडं पाहून धारा लागल्या. दोन्ही तळव्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, गाल पुसले. अक्कानं पाहिलं नाही असं दाखवलं, आणि मला काहीतरी काम द्यावं म्हणून कोळंबीची वाटी पुढं केली, म्हणाली, जोडप्याला पहिला घास तू घाल. मी उठलो, वाटी घेतली, टाकीचं झाकण उचलायला दुसरा हात पुढं केला, आणि माझी सोवळ्यातली अक्का खुर्चीतून अर्धी उठून, गल्लीतल्या लोकांनी माना वळवाव्यात अशा आवाजात ओरडली,

"आधी हात कोरडे!"